सुतकातली रोवणी

पावसाळ्यात नागझिऱ्याचं जंगल बंद होतं. फाटकाला कुलूप लागलं की वाघ आत आणि आमचे गाइड बाहेर. माझा नवरा त्यांतलाच एक. ते तीन महिने तो घरी बसायचा आणि भाजीत मीठ किती घालावं हे मला शिकवायचा. फाटकाजवळच्या हॉटेलवाल्याच्या खोल्याही तेव्हा रिकाम्याच असायच्या, म्हणून त्यानं एक युक्ती काढली. वाघ नाही तर नाही, शहरातल्या लोकांना धान दाखवू. चिखलात उतरवून रोवणी करायला लावू, पळसाच्या पानांची पत्रावळ लावायला शिकवू, बांबूची टोपली विणायला बसवू, उखळात धान कांडू देऊ. हे सगळं आमच्या अंगणात आणि आमच्या शेतात व्हावं, असं त्याचं म्हणणं होतं. नवऱ्यानं मला सांगितलं तेव्हा मी हसले. ज्या कामानं आमच्या कमरा वाकल्या, ते करायला कोणी गाडी करून येईल यावर माझा विश्वास नव्हता. पण लोक आले, आणि दर पावसाळ्यात येत राहिले.

शिकवायचं काम खरं तर माझ्या जाऊबाईंचं. मी फक्त तोंड चालवायची. मोठे दीर जाऊन बरीच वर्षं झाली होती. जाऊबाईंची चूल वेगळी होती, अंगण मात्र एकच. त्यांच्या वाट्याला दोन बांध्या होत्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेला धानाचा तुकडा. त्यांच्या बांध्या रस्त्याला लागून, आणि माझी त्यांच्या खालच्या अंगाला. त्यांच्याकडचं पाणी भरलं की माझ्याकडे उतरायचं.

आलेल्या लोकांना मी धुऱ्यावर उभी राहून ओरडायची, "सरळ रोव ना बाप्पा, काऊन सापावानी रांग चालवून राहिला?" त्यांना ते फार आवडायचं. मोबाइल काढून ते माझं ओरडणं भरून घ्यायचे. जाऊबाई काही बोलायच्या नाहीत. त्या चिखलात शेजारी वाकायच्या, समोरच्याचं मनगट धरायच्या आणि त्याची बोटं रोपासकट मातीत दाबायच्या. मग रोवणीचं एखादं गाणं उचलायच्या. आवाज गोड नव्हता, थोडा फाटकाच होता, पण त्या लयीवर हात आपोआप चालायचे. संध्याकाळी गाडी निघून गेली की त्या पुन्हा बांधीत उतरायच्या आणि पाहुण्यांनी लावलेलं वाकडंतिकडं सगळं नीट करून यायच्या.

"कायले एवढं करता, बाई?" मी विचारायची. "उगवते ना तसंबी."

"त्याईनं मनापासून लावलं, पण धानाले मन कळत नाही. मूठ कळते," त्या म्हणायच्या.

त्यांचा मुलगा रायपूरला कारखान्यात होता. बायको, दोन लेकरं, भाड्याची खोली. हॉटेलवाल्याला जाऊबाईंच्या बांध्या हव्या होत्या. रस्त्याला लागून जागा, मागं जंगलाची कड, तिथं त्याला खोल्या बांधायच्या होत्या. मुलाचं मन विकण्याकडे झुकलं होतं. त्याला मी लोभी म्हणणार नाही. लेकरांची शाळा तिकडे, काम तिकडे, त्यानं इथल्या चिखलाला किती दिवस कवटाळून बसावं? पण एका दिवाळीत अंगणात त्याचं आणि जाऊबाईंचं वाजलं, आणि शेवटी त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, "मी रोवून राहिली तवर इकू नको. ज्या साली माह्या हातची रोवणी नाही झाली, त्या साली तुले जे कराचं ते कर." त्यानं मान हलवली. आमच्यात अशा शब्दाला कागद लागत नाही.

तेव्हापासून दर पावसाळ्यात मी त्यांच्या गुडघ्यांकडे बघायची. त्या बांधीत पहिली रोवणी होईपर्यंत मला घास गोड लागायचा नाही. माझं पाणी तिथून येतं हा स्वार्थ होताच, तो मी नाकारत नाही. पण ती जमीन गेली असती तर जाऊबाई उभ्या उभ्या वाळल्या असत्या, हेही मला दिसत होतं.

त्या वर्षी पाऊस वेळेवर आला. चिखलणी झाली. जाऊबाईंनी दिवसभर बसून त्यांचे पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, काढली, जुड्या बांधल्या आणि बांधीच्या पाण्यात लावून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी शहरातली मंडळी येणार होती, त्यांच्याकडून रोवणी सुरू करायची असं ठरलं होतं. संध्याकाळी "पाणी पाहून येतो" म्हणून त्या एकट्याच शेतात गेल्या. परत आल्या तेव्हा पायाला घोट्यापर्यंत चिखल होता. चहा घेतला, माझ्याशी मिठावरून दोन शब्द बोलल्या आणि झोपल्या. सकाळी त्यांच्या चुलीचा धूर दिसला नाही म्हणून मी आत गेले. त्या कुशीवर होत्या, हात गालाखाली. अंग थंड पडलं होतं.

मी नवऱ्याला हाक मारली आणि म्हटलं, "पाहुण्यांना फोन करून दे." त्यानं केला. बालाघाटला केला, तिरोड्याला केला, गोरेगावला केला, रायपूरला मुलाला केला. आमच्याकडे सोयरे म्हणजेच पाहुणे. पुतण्यांचे सासरे, भाच्यांच्या नणंदा, कोणी सुटलं नाही. पण जे पाहुणे त्या सकाळी आमच्याच दारात उतरणार होते, त्यांना सांगायला हवं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्या म्हणण्यात कोणते पाहुणे होते ते मला तरी कुठं ठाऊक होतं?

रंगीबेरंगी रेनकोट घातलेली माणसं गाडीतून उतरली, तेव्हा अंगणात बाया भरल्या होत्या आणि मधोमध जाऊबाई होत्या. आमच्या भावकीतल्या बायांना वाटलं, ही सुनेकडची रायपूरची मंडळी. त्यांनी सरकून जागा दिली, पाय धुवायला पाणी पुढं केलं. मयतीला सोयरी बाई आली की तिच्या गळ्यात पडून रडायचं, ही आमची रीत. एक म्हातारी उठली आणि पुण्याच्या एका बाईच्या गळ्यात पडली. त्या बाईला कोण गेलं हेही माहीत नव्हतं. ती आधी काठीसारखी ताठ उभी राहिली. मग तिनं म्हातारीच्या पाठीवर हात ठेवला, आणि थोड्या वेळानं तिचेही डोळे वाहायला लागले.

खरा प्रकार कळला तेव्हा ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आम्ही निघतो. तुम्हाला त्रास नको."

मी हो म्हणणार होते. पण म्हातारी तिचा हात सोडेना. "आता आल्या तं बसा," मी म्हटलं. ती सगळी माणसं अंगणाच्या कडेला बसली.

बुरूडही त्या सकाळी आला होता. पाहुण्यांना टोपली विणायला शिकवायची म्हणून त्यानं हिरवे बांबू खांद्यावर आणले होते. त्यानं ते उतरवले आणि कोणी सांगण्याची वाट न पाहता तिरडी बांधायला बसला. पाहुण्यांतल्या एका माणसानं विचारलं, "हे काय विणताय?" बुरडानं वर पाहिलं नाही. "धरा जरा," म्हणत त्यानं दोरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. त्या माणसाला समजलं. त्यानं टोक घट्ट धरून ठेवलं.

मिळेल त्या गाडीनं गोंदियाला उतरून दुपार व्हायच्या आत मुलगा आला. त्यानं आईच्या पायांना हात लावला आणि तसाच बसून राहिला. रडला नाही. लोक गोळा झाले. हॉटेलवालाही हार घेऊन आला, हात जोडून मागं उभा राहिला. त्याच्याबद्दल वाईट बोलायला मला त्या दिवशी काही सापडलं नाही, आणि त्याचाच मला राग आला.

सकाळपासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. अंगणात जाऊबाईंचं प्रेत आणि माझ्या मनात त्यांचे पऱ्हे. लाज वाटत होती, पण जात नव्हती. आम्हा भावकीला आता दहा दिवस सुतक. सुतकात शेताला हात लावायचा नाही, धुऱ्यावर पायसुद्धा ठेवायचा नाही. सुतकात रोवलेला धान पोचट जातो, असं आमचे म्हातारे सांगत आले. आणि गाव बघावं तर अर्धंअधिक भावकीच. उरलेल्या बाया शेजारच्या गावात गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं, रोवणीला बांधलेल्या. त्या दिवसांत एक बाई मिळवायची म्हणजे नाकी नऊ येतात. माझे पऱ्हे अजून उपटले नव्हते, ते थांबले असते; पण दहा दिवसांत त्यांच्या पाण्यातल्या जुड्या कुजून शेण झाल्या असत्या. नवे पऱ्हे टाकायला वेळ उरला नसता. जाऊबाईंच्या बांध्या पडीत राहिल्या असत्या, आणि त्यांनीच घालून दिलेल्या शब्दाप्रमाणे त्या विकायला मोकळ्या झाल्या असत्या. हे मुलालाही कळत होतं. माती देऊन आल्यावर तो ओट्यावर बसला आणि कोणाकडेच बघेना.

तेव्हा शेजारीण आली. ती आमच्या गावातली रोवणीच्या बायांची म्होरकी, आणि जाऊबाईंची जन्माची जोडीदारीण. दोघींनी एकाच ओळीत वाकून म्हातारपण गाठलं होतं. ती बौद्ध. एकेकाळी आमच्या घरची माणसं तिच्या घरचं पाणी पीत नव्हती. मी लग्न होऊन आले तेव्हाही पीत नव्हती. जाऊबाईंनी ते आधी मोडलं, सासऱ्यांच्या देखत.

ती दारातूनच मला म्हणाली, "वहिनी, सुतक तुमाले हाये. मले नाही. अन् या पाहुण्याईले बी नाही." मग कडेला बसलेल्या मंडळींकडे वळली. "तुमाले रोवणी शिकाचीच होती ना? आधी जेवा, मंग चला."

आमच्या घरात त्या दिवशी चूल पेटणार नव्हती. आमच्या दारी आलेले लोक तिच्या चुलीवरचा भात जेवले. आमच्यातल्या एका म्हाताऱ्यानं नाक मुरडलंच. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खाली मान घालून तंबाखू मळायला लागला.

मी रस्त्यावर उभी राहिले. त्याच्या पलीकडे जायला मला मनाई होती. मुलगाही मागोमाग आला आणि माझ्यापासून थोडा दूर उभा राहिला. शेजारीण तिच्या सुनेला घेऊन बांधीत उतरली, मागून ती सगळी माणसं. चार पावलं गेल्यावर ती थांबली. तिनं कोपऱ्यात पाहिलं आणि मला हाक दिली, "वहिनी, कोपऱ्यात रोवलं हाये."

मला कळायला वेळ लागला. आमच्यात रोवणीच्या आधी घरची बाई कोपऱ्यात हळदकुंकू वाहते आणि पहिली मूठ आपल्या हातानं रोवते. त्यावर मग बाकीच्या बायांनी हात लावायचा. हे काम सकाळी, सगळ्यांसमोर होतं. जाऊबाई ते आदल्या संध्याकाळीच करून आल्या होत्या, एकट्या, कोणाला न सांगता. का, ते मला आजही माहीत नाही. छातीत काही दुखत असेल, किंवा दुसऱ्या दिवशीच्या गोंधळात राहून जाईल अशी धास्ती असेल. विचारायला माणूस राहिलं नव्हतं.

शेजारणीनं त्या मुठीला हात जोडले. मग पाहुण्यांना म्हणाली, "याच्या पुढून धरा."

ते वाकले. काय ती रोवणी! कोणाची रोपं पाण्यावर तरंगायची, कोणी एका जागी अख्खी जुडी खुपसायचा. रांगा तर गल्लीतल्या कुत्र्यासारख्या वाटेल तिकडे चाललेल्या. पण कोणी हसलं नाही, कोणी मोबाइल काढला नाही. पुण्याच्या बाईनं शेजारणीला हळूच काही विचारलं, आणि शेजारीण म्हणाली, "गाणारी गेली." मग फक्त पाण्यात पाय उचलण्याचा आवाज येत राहिला. माझ्या जिभेला काही सुतक नव्हतं. मला ओरडायचं होतं, सरळ रोवा म्हणून. तोंड उघडलं आणि रडूच आलं. दिवसभर मी सगळ्या बायांना सांभाळत होते, पाणी देत होते, पदर सारखे करत होते. रडायचं राहूनच गेलं होतं. ते तिथं, भर रस्त्यात, माझ्या हातात राहिलं नाही.

मुलगा जवळ आला. "काकू, वाकडी रोवून राहिले ते."

"राहू दे."

"आई संध्याकाळी उपटून सरळ करते," तो म्हणाला. आपण काय बोललो ते त्याला लगेच कळलं. तो रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसला, आणि सकाळपासून पहिल्यांदा मोठ्यानं रडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी तो माझ्याच हातचं जेवायचा.

एका दुपारी दोन बांध्या होत नसतात. ती माणसं हॉटेलात मुक्कामाला राहिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरली. हॉटेलवाल्यानंच आपल्या गाडीतून त्यांना आणून सोडलं. आपल्याच हातानं तो आपला सौदा लांबवत होता, हे त्याला कळत होतं की नाही, कोण जाणे. संध्याकाळी निघायची वेळ झाली. पुण्याच्या बाईनं म्हातारीला नमस्कार केला. म्हातारी अजूनही तिला रायपूरचीच समजत होती, आणि तिनं विचारलं, "तेरवीले येशील ना?"

सुतक फिटलं, मुलगा रायपूरला गेला. मी पावसाळाभर त्या बांध्यांकडे बघत राहिले. धान विरळ होता, जागोजागी खळगे राहिले होते, पण उभा होता. विकण्याचं त्यानं काय ठरवलं हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडलेच असते. आपलेच दात, आपलेच ओठ. शिवाय त्याच्याजवळ म्हणायला जागा होती. कोपऱ्यातली एक मूठ म्हणजे रोवणी नव्हे, बाकी सगळी परक्या लोकांनी केली, असं तो म्हणाला असता तर गावात त्याला खोटं ठरवणारं कोणी नव्हतं.

कापणीला तो सुट्टी काढून आला. विळा हातात धरायची सवय मोडलेली. पहिल्याच दिवशी बोट कापून घेतलं, चिंधी बांधली आणि पुन्हा वाकला. वाकड्या रांगांमुळे हातात नीट मूठ येत नव्हती. शेजारीण, मी आणि तो असे आम्ही तिघंच होतो. दुपारी त्याचा फोन वाजला. तो धुऱ्यावर जाऊन हिंदीत बोलायला लागला. गोंदियाकडच्या व्यवहाराच्या गोष्टी आमच्याकडे हिंदीतच होतात, त्यामुळे पलीकडे हॉटेलवाला आहे हे मला लगेच कळलं. माझा विळा थांबला.

बराच वेळ त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नहीं सेठ, इस साल नहीं. इस साल मां का रोपा लगा है."

एवढंच. त्यानं फोन खिशात टाकला आणि येऊन माझ्या शेजारी कापायला लागला. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण माझा स्वभाव मेला असा, की तोंडातून भलतंच निघालं. "अन् पुढच्या साली?"

"खोटं कायले बोलू, काकू? पुढच्या साली कोण रोवते?"

शेजारीण वर बघेना. तिचे गुडघे माझ्याहून वाईट. त्याच्यावर रागवावं तर तो खरं बोलत होता, आणि खऱ्यावर रागवून काय मिळतं? आम्ही संध्याकाळपर्यंत कापत राहिलो. कापून पसरलेल्या कडपा वाळल्यावर भारे बांधले, मळणी झाली, आणि तो रायपूरला न्यायची पोती भरायला बसला.

मी घरातून सूप आणलं. बियाण्याचा धान नेहमी जाऊबाई काढायच्या, पुढच्या वर्षीच्या पऱ्ह्यांसाठी. मी काही विचारलं नाही, वाकले आणि त्याच्या पोत्यातून धान सुपात ओढायला लागले. तो थांबला. माझ्याकडे पाहिलं, सुपाकडे पाहिलं. मग पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी ताणून माझ्यासाठी उघडं धरलं, आणि माझं सूप भरेपर्यंत सोडलं नाही.